आगीच्या हौदातलं कोमट पाणी

दिनू,

तू गेल्याचं फोनवर सांगितलं की पलीकडचा माणूस आधी गप्प होतो आणि मग आवाज खाली करून विचारतो, "कसं काय झालं?" प्रश्न साधा असतो, पण आवाज साधा नसतो. या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात पन्नाशीचा धडधाकट माणूस अचानक गेला की लोकांच्या मनात आधी काय येतं, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही आहे. मी सांगते, हार्टनं गेला. दुपारी जेवला, छातीत दुखतं म्हणाला, हमीदभाईंनी जीपमध्ये घातला, दवाखान्याच्या दारात संपलं. मग पलीकडून एक सुस्कारा ऐकू येतो. आपल्या धाकट्या काकूंच्या तोंडून तर "बरं झालं बाई" असं निघून गेलं आणि त्या फोनवरच रडायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. तू माझा पाठचा भाऊ, तू गेलास आणि माझी एक बाजू रिकामी झाली. तरी डॉक्टरांच्या तोंडून 'हार्ट' हा शब्द ऐकला तेव्हा मीसुद्धा आधी सुस्काराच सोडला होता. रडू नंतर आलं.

हे असं चारचौघांसारखं मरण तुझ्या वाट्याला यावं म्हणून तुझ्या पुष्पानं आणि मी चार हिवाळे काय काय केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. तू मध्येच बोलून माझं वाक्य तोडणार नाहीस, ही सोय आयुष्यात पहिल्यांदाच झाली आहे.

कापसाची सरकी काढणारी तुमची जिनिंग मिल बंद राहिली त्या वर्षी मी भाऊबीजेला यवतमाळहून वणीला आले. मी शाळेतून निवृत्त झालेली, हे जाऊन वर्ष उलटलेलं, लेक लग्न होऊन लांब, आणि गुडघे संधिवातानं धरलेले. एसटीतून उतरताना कंडक्टरनं हात दिला. तू न्यायला आला होतास, पण वाटेत एक शब्द बोलला नाहीस. फाटकातून आत आले आणि मला कळलं. एरवी दिवाळीत त्या आवारात कापसाच्या गाड्यांमधून अंग चोरून चालावं लागायचं, बैलांच्या घंटा आणि मशिनींचा आवाज यांत आपलं बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. त्या दिवशी फाटकापासून तुमच्या क्वार्टरपर्यंत एक कुत्रं तेवढं आडवं गेलं. कापसाला भाव नव्हता, बाजारात आला तो मालही पडून होता. शेठनी नागपूरहून निरोप धाडला होता की यंदा मशिनी सुरू करायच्या नाहीत, मॅनेजरनं, म्हणजे तू, तिथंच राहावं आणि लक्ष ठेवावं. कशावर लक्ष ठेवायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

तू मशिनघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचास. उभा जन्म तू कापसाची मूठ उचलून, दोन्ही अंगठ्यांत धागा ओढून, मालाची प्रत सांगितलीस. तो चाळा हातांना राहिला होता. गादीतून निघालेला कापूस असो की देवाची वात असो, हाताला लागेल ते ओढत बसायचास. काहीच नसलं तर नुसतेच अंगठे हलायचे. मी विचारलं, काय रे करतोस, तर तू माझ्याकडे बघून म्हणालास, "काही नाही." तू लहानपणीही मार खाल्ल्यावर असंच म्हणायचास, पण तेव्हा तुझ्या डोळ्यांत निदान राग असायचा.

पुष्पानं मला स्वयंपाकघरात ओढलं. अनारसे तळता तळता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, मले भेव वाटून राह्यलं. हे बोलत नाहीत, जेवत नाहीत. रात्री उठून बाहेर गेले की मी मागं मागं जातो." घरातल्या काही वस्तू तिनं उचलून शेजारी ठेवायला दिल्या होत्या. कोणत्या, ते मी विचारलं नाही. तुझी बायको कमी बोलते म्हणून तू तिला नेहमी चिडवायचास. त्या दिवशी ती बोलली तेवढं मला जन्मभर पुरेल.

मी मास्तरीण. रुसलेल्या पोराला 'रडू नको' म्हणून काही होत नाही, त्याच्या हातात खडू द्यावा लागतो, हे मला माहीत. पण तुझ्या हातात काय द्यावं ते सुचेना. संध्याकाळी मी तुला ओवाळलं. तू तबकात नोट ठेवलीस. मी ती उचलली आणि तुझ्याच खिशात परत घातली.

"मले पैसे नको," मी म्हटलं. "डॉक्टरनं गरम पाण्यात चालाले सांगतलं. मले गरम पाणी दे."

तू माझ्याकडे बघितलंस. "बादलीभर?"

"छातीभर."

डॉक्टरांचं नाव मी खोटं घेतलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी खरंच सांगितलं होतं की कोमट पाण्यात छातीपर्यंत उभं राहून रोज चाललं तर सांधे मोकळे होतील. मी त्यांच्या तोंडावर हसले होते, कारण माझ्या यवतमाळच्या घरी मोठी घागरही धड भरत नव्हती. पण बहिणीनं मागितलेली ओवाळणी नाकारायची नाही, एवढं आईनं तुझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची रिकामी होती आणि तू क्वार्टरच्या मागं, आगीच्या हौदाच्या काठावर, कमरेवर हात ठेवून उभा होतास. पुष्पानं खिडकीतून मला बोलावून ते दाखवलं. आम्ही दोघी तिथं बराच वेळ उभ्या राहिलो आणि चहा उतू गेला. मी परतीची एसटी सोडून दिली आणि तिथंच राहिले.

बाहेरच्या माणसाला तो हौद कशासाठी हे सांगावं लागतं. कापसाला ठिणगी लागली की बघता बघता सगळी गंजी जाते, म्हणून प्रत्येक जिनिंगमध्ये पाण्याचा एक मोठा हौद असतो आणि तो कधी रिकामा ठेवायचा नाही, असा नेम असतो. मशिनी थांबल्या, माणसं गेली, जळण्याजोगी एक गंजी आवारात उरली नाही, तरी तू तो हौद काठोकाठ ठेवत होतास. आणि दुसरा नेम आगीचा. फाटकाशीच काडेपेटी काढून घ्यायची, आवारात बिडी नाही, शेकोटी नाही. मी भोळेपणानं म्हटलं, चार विटा मांडून खाली जाळ कर की. तू असं काही माझ्याकडे बघितलंस, जणू मी देवळात चपला घालून गेले होते. सायकलवर कोळशाची पोती लादून विकणारे आपल्या रस्त्यानं रोज जातात. तो माल खाणीतून कसा येतो हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून तू तो आयुष्यात घेतला नाहीस. तेव्हा उरलं काय, तर ऊन. वणीसारख्या कोळशाच्या गावात राहून उन्हावर पाणी तापवायला निघालेला माणूस तू एकटाच असशील, असं हमीदभाई म्हणाले. हमीदभाई जिनिंगची इंजिनं दुरुस्त करायचे, आता त्यांच्याकडे ट्रकचं काम होतं, पण तुझ्याकडे आल्याशिवाय त्यांचा दिवस जात नव्हता.

पहिला प्रयोग ताडपत्रीचा. काळ्या रंगाला ऊन जास्त लागतं, म्हणून कापसाच्या गाठी झाकायची काळी जाड ताडपत्री तू पाण्यावर पसरलीस. दुपारी तिच्यावर हात ठेववेना. तू खूश होऊन मला बोलावलंस, मी पाय घातला, आणि बोटभर गरम पाण्याखाली सगळं विहिरीसारखं गार. ऊन ताडपत्रीनं खाऊन टाकलं होतं, पाण्याला काही दिलंच नव्हतं. मी म्हटलं, ही तर गोधडीच उबदार झाली, माणूस कुडकुडतोच आहे. तू चिडलास. तुला चिडलेला बघून पुष्पाच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते तू बघायला हवं होतंस.

मग हमीदभाईंनी सांगितलं की एवढं पाणी तापवायला दोन सूर्य लागतील. पाणी कमी कर. पण आगीचं पाणी कमी करायला तू तयार नव्हतास. तीन दिवस तुमचं भांडण चाललं. शेवटी तू पडक्या कंपाउंडच्या विटा काढून हौदात आडवी भिंत घातलीस. एका बाजूला खोल पाणी आगीसाठी, दुसऱ्या बाजूला खाली दगड-मुरूम भरून छातीभर पाणी बहिणीसाठी. मी म्हटलं, आता तिथं कसली आग लागणार आहे? तू म्हणालास, "लागणार नाही, हे तू लिहून देतं का?" तुझं ते बोलणं मला तेव्हा हट्टी वाटलं. आता वाटतं, त्या आवारात पुन्हा कापूस येईल असं तुझ्यातला कोणीतरी तेव्हाही धरून होता. तेवढ्यावर आम्ही तुला ओढून आणलं.

दुसऱ्या हिवाळ्यात पाइप आले. कळंबच्या बाजूच्या कुणीतरी ठिबकचं सामान काढून टाकलं होतं, त्या काळ्या नळ्यांची वेटोळी तू स्वस्तात उचलून आणलीस आणि पंपघराच्या बुटक्या पत्र्यावर जिलबीसारखी मांडलीस. हौदातलं पाणी पंपानं वर न्यायचं, काळ्या नळीत उन्हानं तापवायचं आणि पुन्हा हौदात सोडायचं. बेत झकास होता. पंप सुरू केला आणि पत्र्यावरून चहूकडून पाऊस पडायला लागला. ठिबकच्या नळीला हातभर अंतरावर भोकं असतात, हे जन्मभर शेतकऱ्यांत वावरलेल्या तुझ्या आणि हमीदभाईंच्या, दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. हमीदभाई भिजून खाली उतरले आणि म्हणाले, "दिनूभाऊ, ये तो गोभी लगाने का काम है." मग बिनभोकाची नळी शोधण्यात महिना गेला. महिनाभर तू सकाळी घरातून निघत होतास आणि भूक लागली म्हणून घरी येत होतास.

नवी नळी बसली, भर उन्हात तिच्यातून येणारं पाणी हाताला चांगलं लागत होतं, आणि सकाळी मात्र हौद आदल्या दिवसापेक्षा गार. असं कसं होतं ते कुणाला कळेना. तू हौदाला चीर पडली का ते तपासलंस, हमीदभाईंनी पंप उघडून पुन्हा बसवला. तुझं तोंड पुन्हा त्या खुर्चीवरच्यासारखं व्हायला लागलं. कोडं सुटलं ते एका पहाटे, मी गुडघे आखडले म्हणून उठून अंगणात आले तेव्हा. पंप घरघरत होता. आपल्याकडे लाइन दिवसा असते कुठं? सगळे शेतकरी पंपाचं बटण चालूच ठेवून देतात, लाइन येईल तेव्हा पंप आपोआप सुरू होतो. तूही सवयीनं बटण तसंच ठेवत होतास. दिवसा मोजून दोन तास ऊन पाण्यात जायचं आणि रात्रभर तोच पंप ते पाणी थंडीत पत्र्यावर फिरवून आणायचा. आम्ही दिवसा तापवत होतो आणि रात्री मेहनतीनं गार करत होतो. मी तुला उठवून ते दाखवलं. दव पडलेल्या नळ्यांकडे तू बघत राहिलास आणि कपाळावर हात मारून घेतलास.

त्या दिवसापासून नेम ठरला. सूर्य वर आला की पंपाचं बटण चालू करायचं, ऊन कललं की कुणीतरी तिथं हजर राहून ते बंद करायचं आणि पाणी झाकायचं. ते कुणीतरी तू. मॅनेजरच्या नोकरीत तुला इतकं वेळेवर मी कधी बघितलं नव्हतं. झाकायला तू फुग्याफुग्यांचं पारदर्शक प्लास्टिक आणलंस, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांत येतं ते. सगळ्या दुकानदारांकडून मागून आणलेले तुकडे जोडून तू हौदाएवढी चादर केलीस. त्यातून ऊन आत जायचं आणि ऊब बाहेर पडायची नाही. फक्त वर कोळशाची धूळ बसायची, ती रोज पुसावी लागायची. आणि मी काठावर बसल्या बसल्या ते फुगे फोडायचे. तू ओरडायचास. मी म्हणायचे, बोटांचा व्यायाम आहे, तुझ्या चादरीपेक्षा ह्यानंच मला जास्त गुण येतो. हे खरं होतं, रागावू नकोस.

सगळ्यात मोठी गंमत कवडीची. हौदाच्या भिंतीतून ऊब निघून जाते म्हणून भिंतीला कापूस गुंडाळायचा, ही कल्पना जिनिंगवाल्याशिवाय कुणाला सुचणार? कोपऱ्यात किडका, पिवळा पडलेला कापूस होता, कवडी, जी फुकट कुणी उचलत नव्हतं. तू भिंतीबाहेर फळ्या लावून मधल्या फटीत ती ठासून भरलीस. दुलईसारखी. चार-पाच आठवड्यांनी फळ्यांच्या फटींतून हिरवी पानं बाहेर आली. भिंत ओलसर, आत ऊब, आणि कवडीतली सरकी काढायला तू विसरला होतास. आगीच्या हौदाला कपाशी उगवली. तू आधी नुसता बघत राहिलास, मग हसायला लागलास, आणि हसता हसता खालीच बसलास. मशिनी थांबल्यापासून मी तुला हसताना पहिल्यांदा बघत होते. पुष्पा हात पुसत बाहेर आली, तिनं ते बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ती रडली, दिनू. तुला वाटलं, तिला राग आला.

आता खरं ते सांगते. तिसऱ्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपास, पाणी कोमट झालं. नुसतं गार नसलेलं नाही, खरं कोमट. तू भोवती ताडपत्र्यांचा आडोसा केला होतास, मी जुना गाऊन घालून लोखंडी पायऱ्यांवरून उतरले आणि गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हाच मला समजलं. सांध्यांत इतकी वर्षं साठलेलं काहीतरी सुटायला लागलं. मी आडोशामागं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चालले, कशालाही न धरता चालले. लहानपणी आपण नदीत डुंबायचो त्यानंतर मला माझं अंग एवढं हलकं कधी लागलं नव्हतं. बाहेरून तुझा आवाज आला, "ताई, आता?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. तेवढ्यात मला ती मशिनघराच्या दारातली खुर्ची आठवली. जिनिंग अजून बंदच होती. शेठ फोन उचलत नव्हते. गावात दर आठवड्याला कुणाची तरी बातमी येत होती. पाणी तापलं म्हटल्यावर तू उद्या सकाळी कशासाठी उठणार होतास?

"काल बरं होतं," मी म्हटलं. "अजून नाही झालं कोमट."

पाना उचलल्याचा आवाज आला आणि तू पत्र्याकडे गेलास. तेव्हापासून आपलं ते भांडण सुरू झालं, जे संपलंच नाही. तू काठावर बसून, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर बुडवायचास आणि म्हणायचास, हे कोमट आहे. मी म्हणायचे, तुझं कोपर उन्हात भाजलेलं, त्याला काय कळतं. मी उगाच ताणून म्हणायचे, थर्मामीटर आण, तू म्हणायचास गुडघे तुझे, थर्मामीटर काय सांगणार. दर भाऊबीजेला तू तबकात नोट ठेवायचास आणि मी म्हणायचे, मागची ओवाळणी अजून यायची आहे. तू आणखी वेटोळी मांडायचास. कधी उताराकडे पत्रा वाकवायचास, कधी मागं चुन्यानं पांढरी केलेली भिंत उभी करायचास, ऊन परतून नळीवर यावं म्हणून. पाणी एवढं चांगलं होत गेलं की शेवटी शेवटी खोटं बोलताना माझा चेहरा लाल व्हायचा, आणि तो पाण्यामुळे झाला म्हणून तू खूश व्हायचास.

मला तुझा रागही येतो, हे लिहिलं नाही तर मी खोटारडी ठरेन. मागच्या दिवाळीपासून शिडी चढून आलास की तू छातीवर हात ठेवायचास. विचारलं की म्हणायचास, वारा धरला. आम्ही दोघी पुढच्या दाराला कडी लावून, पहारा देत बसलो होतो आणि मरण मागच्या दारानं आलं. तुला शिडी चढायला लावणारी मीच, हे मनात येतं आणि मी ताट बाजूला सारते. पुण्याहून आलेला तुझा मुलगा समजूत घालतो, आत्या, बाबा शिडीवरून उतरताना शीळ घालायचे, खुर्चीत बसून असते तर आधीच गेले असते. पोरगं शहाणं आहे. मी त्याचं ऐकते, आणि तरी रोज सकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारते.

तेरवीच्या दिवशी हमीदभाई मागच्या दारानं आले, पंगतीत बसले नाहीत. हौदाच्या काठावर माझ्याशेजारी बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, पानी तो कबका गरम हो गया था. मेरेकू मालूम था."

मी विचारलं, आणि दिनूला?

"उनकू नहीं मालूम होता? मैंने पूछा था एक बार, दिनूभाऊ, काम तो हो गया, फिर ये नई नली कायकू? तो बोले, चूप बस. पाणी तापलं म्हणलं की ताई यवतमाळले जाईन. तिथं तिले कोण आहे?"

दिनू, मी त्यांच्यासमोर रडले नाही. उठून आत गेले आणि भांड्यांच्या ढिगामागं उभी राहून रडले. मी समजत होते, माझे गुडघे पुढे करून मी तुला धरून ठेवलंय. माझ्या रिकाम्या घराला तू तुझ्या कोपरानं थोपवून धरलं होतंस, हे मला दिसलंच नाही. मी दर दिवाळीनंतर 'उन्हाळ्यात जाईन' म्हणत राहिले आणि तू दर उन्हाळ्यात 'पुढच्या हिवाळ्यात पाणी नक्की' म्हणत राहिलास. आपण दोघं एकमेकांच्या तोंडावर इतकं खोटं बोललो आणि त्यात किती सुखात राहिलो. तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आपल्या घरात ती रीत नाही. पण मला चार हिवाळे मिळाले, जे मी एकटीनं यवतमाळच्या खिडकीत बसून काढले असते, आणि ते तुझे आहेत.

पाहुणे गेले. तुझा मुलगा गेला, त्याला रजा नव्हती. पुष्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. पहिले दोन दिवस मी काही म्हटलं नाही, बाईनं रडून घ्यावं. पण ती रडत नव्हती. जेवायला हाक मारली की म्हणायची, ठेवून द्या. केस विंचरायला मी मागं बसले, तर तिनं विंचरू दिले, जसं दुसऱ्या कुणाचं डोकं आहे. मग एका दुपारी मी बघितलं, तिचे अंगठे चादरीच्या दशीचा धागा ओढत होते. मला तिथं उभं राहवेना.

मी हौदाकडे गेले. हौदावरच्या चादरीवर कोळशाची धूळ साचली होती, तू गेल्यापासून पंपाला कुणी हात लावला नव्हता. मी परत आले आणि दारात उभी राहून म्हटलं, "पुष्पा, माहे गुडघे आखडले. मले पाण्यात उतराचं आहे."

"आज नको, ताई."

"बरं. मी एकटीच पाहतो उतरून. त्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं वाटते."

मी निघाले. माझे गुडघे चांगले होते, पण मी पाय ओढत चालले. चार पावलांवर मागं खाट करकरली.

ती आली. मला दंडाला धरून तिनं काठावर बसवलं, चादर बाजूला केली, आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या पाण्यात स्वतःचा पाय घातला. लगेच काढून घेतला. "हे तं गार हाये, ताई."

"हो न," मी म्हटलं. "काय बिघडलं मले काय समजते."

तिनं पंपाचं बटण दाबलं. लाइन होती. पंप घरघरला, पण नळीच्या तोंडातून पाणी आलं नाही. तिनं त्या तोंडाला कान लावला. "नळीत हवा धरली असन," ती म्हणाली. "थे तिसरा जोड ढिला करत जात." ज्या बाईनं ह्या प्रकरणावर कधी एक शब्द काढला नव्हता, तिला तुझा प्रत्येक जोड पाठ होता. तिनं पदर खोचला आणि भिंतीशी ठेवलेली शिडी उचलून पत्र्याला लावली. मला म्हणाली, धरा. मी धरली. दुपारचं ऊन लख्ख होतं, पत्रा चमकत होता, आणि पुष्पा वर वेटोळ्यांमध्ये उकिडवी बसून एकेक जोड चाचपत होती.

तिनं एक जोड सैल केला. आत अडकलेला वारा फुसकन निघाला, नळी थरथरली, आणि खाली माझ्या पायांशी, तोंडातून पाणी आलं. आधी तुटक, मग सलग. उन्हात तापून पडलेलं, चांगलं ऊन-ऊन पाणी. मी त्याखाली हात धरला.

"ताई," ती वरून म्हणाली, "आलं का पाणी?"

मी वर बघितलं. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तोंडावर ऊन होतं.

"नाही आलं अजून," मी म्हटलं.

ती पुढच्या जोडाकडे सरकली.